साखळी कुणी धरली?



इतिहास म्हटलं की आपल्याला सभा आणि सत्याग्रह आठवतात. महाड आठवतं, काळाराम आठवतो, येवला आठवतं, नामांतर आठवतं. ते आठवलंच पाहिजे. पण आज मला एका वेगळ्याच वस्तूचा इतिहास सांगायचाय. ती वस्तू म्हणजे जमिनीचा नकाशा. कापडावर चिकटवलेला, घडीघडीवर फाटलेला, कचेरीच्या कपाटात पडून राहिलेला जुना नकाशा.

मी इतिहासकार नाही. गिरणीत साच्यावर उभा राहतो, पाळी संपली की जमेल तसं वाचतो, कविता लिहितो. पण एकलहऱ्यात राहणाऱ्या माणसाला जमिनीचा विचार चुकवता येत नाही. एका अंगाला गोदावरी, एका अंगाला वीज केंद्राच्या चिमण्या, आणि नाशिकरोडकडून दरवर्षी थोडं थोडं पुढं सरकत येणारं शहर. जिथं काल बाभळी होत्या तिथं आज प्लॉटचे दगड. गुंठ्याचा भाव चहाच्या टपरीवर सांगितला जातो. आणि आपल्या वस्तीतला म्हातारा विचारतो, "पोरा, आपलं घर तरी आपलं हाय का रं?"

तो म्हातारा म्हणजे माझे आज्जोबा. आम्ही त्यांना आबा म्हणतो. एकदा मी त्यांना विचारलं, "आबा, मोजणीवाले आले तेव्हा तुमी होता का?"

आबा म्हणाले, "मी बारका व्हतो. माझा बाप व्हता. साखळी त्यानंच धरली. एक टोक सरकारच्या माणसाकडं, एक टोक माझ्या बापाकडं. दिवसभर काट्याकुट्यातून. सांजच्याला साखळी भुईवर ठेवायची, हातात द्यायची न्हाई. मग तो माणूस खालून उचलायचा."

मी विचारलं, "मग नकाशात आपलं घर कुठं दाखवलंय?"

आबा हसले. म्हणाले, "मला नकाशा कोण दाखवनार?"

हा लेख त्या प्रश्नातून निघालाय. साऱ्या शिवाराची हद्द ज्याच्या पायाखालची, त्याच्याच घराला नंबर नाही. हे आपोआप झालं नाही. कसं झालं, कुणी केलं, आणि आता आपण काय करायचं, एवढंच लिहितो.

१.

जुन्या गावगाड्यात महाराच्या वाट्याला आलेल्या कामांची यादी लांब आहे. सांगावा पोचवायचा. सरकारी सारा कचेरीपर्यंत वाहून न्यायचा. वेशीवर राखण करायची. मेलेलं ढोर ओढायचं. मयताची बातमी घेऊन परगावी जायचं. आणि या सगळ्यांत एक काम असं होतं की ज्यात गावाला त्याच्याशिवाय गत नव्हती. ते म्हणजे शिवेची साक्ष.

शिवेचा दगड कुठला, ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कोणत्या झाडापर्यंत आपलं आणि कोणत्या झाडापासून शेजारच्या गावाचं, हे महाराला पाठ असायचं. दोन गावांत हद्दीचा तंटा लागला की महाराला बोलवत. तो शपथ घेऊन शिवेवरून चालायचा. तो चालला ती हद्द. इंग्रज अधिकाऱ्यांनीही महारांच्या या कामाची नोंद करून ठेवली आहे.

आता बघा. त्याच्या सावलीचा विटाळ होत होता, पण त्याच्या पावलाचा पुरावा चालत होता. त्याच्या डोक्यात सगळ्या गावाचा नकाशा होता. मात्र तो कागदावर नव्हता आणि कागद लिहिणारा हात कुळकर्ण्याचा होता. डोक्यातली माहिती म्हातारा मेला की त्याच्याबरोबर जाते. कागद शंभर वर्षं टिकतो आणि कोर्टात उभा राहतो.

२.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि नाशिकचा मुलूख इंग्रजांकडे गेला. (नाशिक हा वेगळा जिल्हा झाला तो पुढं १८६९ साली.) नव्या सरकारला पहिला प्रश्न पडला तो साऱ्याचा. कुणाकडून किती घ्यायचा? त्यासाठी जमीन मोजायला पाहिजे. पुण्याकडं प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं १८२७ च्या सुमाराला मोजणी सुरू केली. ती फसली. सारा इतका चढा बसला की रयत जमिनी टाकून निघून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून, १८३६ साली, नव्यानं सुरुवात केली. शेताचे सर्व्हे नंबर पाडले, जमिनीची प्रत ठरवली आणि तीस वर्षांसाठी सारा कायम केला. १८४७ साली या पद्धतीचे नियम एकत्र केले गेले. आज आपल्या सातबाऱ्यावर जे काही छापलेलं दिसतं त्याचं मूळ इथं आहे.

मोजायचं हत्यार म्हणजे लोखंडी साखळी. लांबी ३३ फूट. तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. काटकोन धरायला शंकू. शेतात उभं राहून जे माप लिहिलं जायचं त्याला टिपण म्हणायचं, आणि अशा टिपणांवरून गावचा नकाशा तयार व्हायचा. जुन्या गावनकाशात साधारण एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट.

हे सगळं हुशारीचं काम होतं यात शंका नाही. पण कशासाठी होतं ते विसरू नका. ही मोजणी साऱ्यासाठी होती. ज्याच्यातून सारा येणार तेवढंच बारकाईनं मोजायचं.

गावठाणाला सारा नव्हता. म्हणून गावठाण आतून मोजलंच नाही. बाहेरून एक रेघ मारली आणि आत कोरं सोडलं. जुना गावनकाशा उघडून बघा. शेताशेताला नंबर, ओढ्याला रेघ, विहिरीला खूण, देवळाला खूण, आणि ज्या जागेत सगळी माणसं राहतात तो एक कोरा तुकडा. त्यावर फक्त लिहिलंय, गावठाण.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्याच गावाची घरं कोरी राहिली की. आपली एकट्याची कशी? बरोबर आहे. पण वाड्यातल्या माणसाकडं दुसरे कागद होते. वाटणीपत्र होतं, खरेदीखत होतं, सनद होती, सावकारीचे दस्त होते. आणि सगळ्यात मोठा कागद म्हणजे गावात त्याच्या घराला कुणी अतिक्रमण म्हणू शकत नव्हतं.

आपला राजवाडा गावाच्या कडेला. पाण्याच्या आणि वाऱ्याच्या उताराला. तिथं ती रेघ येऊन कशी थांबली ते गावागावात वेगळं आहे. कुठं वस्ती रेघेच्या आत आली, कुठं रेघेवर, कुठं बाहेर राहिली. पुढं लेकरं वाढली, घराला घर लागलं. गावठाण मात्र तेवढंच राहिलं. मग नवीन खोपटं पडली ती रेघेबाहेर, गायरानात किंवा वतनाच्या तुकड्यात. माणूस जागचा हलला नाही, त्याचं घर मात्र कागदावर अतिक्रमण झालं.

३.

आता वतनाकडं येऊ. कारण आपल्याकडं जमीन नव्हतीच असं जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे.

हाडकी, हाडोळा ही नावं तुम्ही घरात ऐकली असतील. ती महार वतनाच्या जमिनींची नावं. गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळालेल्या. बाकीचा मोबदला म्हणजे बलुतं आणि शिळी भाकर. १८७४ सालच्या वतन कायद्यानं हे सगळं पक्कं करून ठेवलं. जमीन विकता येत नाही, काम सोडता येत नाही. काम सोडलं तर जमीन जाते. आणि जमीन एका घराची नसून सगळ्या महारांची मिळून. पिढ्या वाढल्या तसे वाटे बारीक झाले. शेवटी वाट्याला आले चार तास, आणि त्या चार तासांपायी चोवीस तासांची ताबेदारी.

बाबासाहेबांनी हे दुखणं ओळखलं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. ज्याला गावकीतून सुटायचंय त्यानं पूर्ण सारा भरावा आणि जमीन मोकळी करून घ्यावी, बलुत्याच्या जागी रोख पैसा यावा, असा त्याचा रोख होता. बिलाला विरोध झाला, चिकित्सा समितीत त्याचा जीव गेला आणि १९२९ साली त्यांनी ते मागं घेतलं. त्यानंतरही विषय सुटला नाही. सरकारनं वतनी जमिनींवरचा आकार वाढवला तेव्हा १९४१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यातच, सिन्नरला, वतनदारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिथं बोलले. सिन्नर इथून किती लांब आहे? आपल्यातले किती जण ते जाणतात?

शेवटी १९५८ साली कनिष्ठ गाव वतनं नष्ट करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. तोवर बाबासाहेब गेले होते. कायद्यानं गावकी संपली. जमीन सरकारजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरली तर ती वतनदाराला परत मिळणार होती. मिळाली तीही नव्या अविभाज्य शर्तीची. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, वाटून घेता येत नाही.

शर्त घातली ती आपल्या रक्षणासाठी, असं म्हटलं जातं. काही अंशी ते खरंही आहे. पण झालं काय? ज्याला मुदत कळली नाही त्यानं पैसे भरले नाहीत. ज्यानं भरले त्याचं नाव लागलं की नाही हे बघायला कुणी गेलं नाही. आणि ज्याला पोरीच्या लग्नाला पाचशे रुपये हवे होते त्यानं कोऱ्या कागदावर अंगठा दिला. बिनपरवान्याच्या व्यवहारानं जमीन हातातून गेली. कागदावर आजही आपल्या पणज्याचं नाव आणि जागेवर दुसऱ्याचा बंगला, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात आहेत.

त्यात एक गोष्ट ध्यानात घ्या. वतनाच्या जमिनी बऱ्याच ठिकाणी गावाच्या कडेला, रस्त्याला नाहीतर नाल्याला लागून. शेतीला त्या हलक्या. पण शहर वाढतं ते गावाच्या कडेनंच. आज त्याच हलक्या जमिनी सोन्याच्या झाल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला. तेव्हा पेपरवाल्यांनी लोकांना पहिल्यांदा समजावून सांगितलं की महार वतन म्हणजे काय. आपल्या पोरांनीही ते पेपरातूनच वाचलं. मला लाज वाटली ती या गोष्टीची.

४.

शहरात हा खेळ कसा चालतो ते बघायला मुंबईकडं जाऊ. गिरणीवाल्या माणसाचं ते माहेर.

मागं एकदा मुंबईला एका वकिलाच्या हापिसात बसलो होतो. भिंतीवर काचेत मढवलेला मुंबई बेटाचा जुना नकाशा. पिवळा पडलेला. वकील म्हणाले, जुने नकाशे आता शौकीन लोक पैसे मोजून विकत घेतात, घरात लावतात. मी म्हटलं, घ्या बापडे. पण हा नकाशा शोभेसाठी काढलेला नव्हता.

मुंबई पोर्तुगिजांनी १६६१ च्या लग्नाच्या करारात इंग्रज राजाला दिली. त्यानं १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्यानं ती कंपनीला दिली. एका राजानं दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं कंपनीला दिली. बेटावर कोळी, भंडारी, कुणबी राहत होते. त्यांना कुणी विचारलं नाही. १६७४ साली गव्हर्नर ऑन्जियरनं बेटावरच्या जमीनदारांशी करार केला. वर्षाला २०,००० झेराफिन द्यायचे आणि जमिनीवरचा हक्क कायम करून घ्यायचा. मुंबईच्या खाजगी मालकीची मुळं अशी जुनी आहेत. पुढं डिकिन्सननं १८१२ ते १८२७ या काळात बेटाची मोजणी केली. मग लॉटननं १८६५ ते १८७२ मध्ये पुन्हा केली. मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाला भाव आला होता, मुंबईत पैसा उसळला होता, जमिनीचे भाव आभाळाला भिडून १८६५ साली कोसळले होते. कुणाचा तुकडा कुठं संपतो हे नेमकं मोजण्याची गरज तेव्हाच वाढली.

त्या नकाशांत मालकाच्या तुकड्याची कड न् कड आहे. पण त्या तुकड्यावर दाटीवाटीनं राहणारा हमाल, झाडूवाला, बंदरावरचा मजूर नकाशात नाही. १८९६ साली प्लेग आला. १८९८ साली सुधार ट्रस्ट निघाला. त्यानं वस्त्या पाडल्या, रस्ते काढले. मालकाला भरपाई मिळाली, कारण त्याचं नाव नकाशाच्या बरोबरच्या वहीत होतं. भाडेकरू पुढच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीनं राहिला.

आता आपल्याच काळातली गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या मोडल्या. मागं उरली जमीन. ५८ गिरण्या आणि अंदाजे ६०० एकर. १९९१ च्या नियमात ठरलं की गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे करायचे. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरबांधणीला, एक मालकाला. दहा वर्षांनी, २००१ साली, नियम बदलला. तीन वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे, असं झालं. जिथं शेड उभी आहे, साचे उभे होते, ती जमीन वाटणीतून बाहेर. २००६ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं हा बदल मान्य केला. जमीन इंचभर हलली नाही. नकाशावर रेघ कुठं मारायची एवढंच बदललं आणि कामगारांच्या घरांची जमीन गेली. २००५ साली दादरची एकटी कोहिनूर गिरणी नंबर तीन ४२१ कोटींना विकली गेली. साचेवाल्यानं आयुष्यभर कातलेलं सूत एका तराजूत आणि त्याच्या पायाखालची फरशी दुसऱ्या तराजूत घातली तर काय जड भरेल सांगा.

पण याच मुंबईत दुसरंही घडलं. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलमध्ये ६ डिसेंबर २०११ ला आपली माणसं घुसली आणि ही जागा बाबासाहेबांच्या स्मारकाला पाहिजे म्हणून ठाण मांडून बसली. साडेबारा एकरांच्या आसपासची ती जमीन. २०१५ च्या ऑक्टोबरात तिथं भूमिपूजन झालं. म्हणजे रेघ बदलते. फक्त वरूनच बदलते असं नाही.

५.

परत एकलहऱ्याला येतो.

इथल्या वीज केंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला, दुसरा १९७१ साली. दोन्ही १४० मेगावॅटचे. मग १९७९ ते १९८१ मध्ये २१० मेगावॅटचे तीन. पहिले दोन आता बंद झालेत. मोठे तीन उरले. महाराष्ट्राच्या अनेक गिरण्या या विजेवर चालल्या असतील, मी ज्यावर काम करतो तो साचाही कदाचित. त्या विजेशी माझं भांडण नाही.

प्रश्न हिशेबाचा आहे. त्या काळात जमीन घ्यायचा कायदा होता १८९४ चा. सार्वजनिक काम म्हणायचं, नोटीस काढायची, भरपाई द्यायची. भरपाई कुणाला? ज्याचा जमिनीत हक्क कागदावर आहे त्याला. आता गावात जमीन गेली की कुणाकुणाचं पोट जातं ते मोजा. मालकाचं जातं. वाट्यानं करणाऱ्याचं जातं. सालगड्याचं जातं. गवत कापून भारा विकणाऱ्या बाईचं जातं. बांधावर शेळी चारणाऱ्याचं जातं. यातला पहिला तेवढा कागदावर. बाकीच्यांचं जे गेलं ते गेलंच नाही, असं कागद म्हणतो. २०१३ चा नवा कायदा आला, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, तेव्हा कुठं भूमिहीन मजुरालाही बाधित कुटुंब म्हणून मोजायचं ठरलं. मधली एकशेवीस वर्षं कोरी.

याच नाशिक जिल्ह्यातल्या, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या माणसानं या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. कर्मवीर दादासाहेब गायकवाड. १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर नेला. लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी साधी होती. पडीक जमीन, गायरान, जंगलातली लागवडीजोगी जमीन कसणाऱ्याला द्या. त्या लढ्यामुळं गायरानातल्या कसणुकीचा प्रश्न सरकारला पुढं टाळता आला नाही. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय त्याच वाटेवरचा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची ठरावीक अतिक्रमणं नियमित करायची, असं त्यात ठरलं.

पण नियमित व्हायला पुरावा काय मागतात? गाव नमुना १-ई. म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणाची वही. त्यात तुमच्या बापाचं नाव लागलेलं पाहिजे. दंडाची पावती पाहिजे. म्हणजे ज्याला गुन्हेगार म्हणून लिहिलं त्यालाच पुढं हक्क. आणि ज्याला तलाठ्यानं लिहिलंच नाही तो कसत राहिला तरी नाही. २०११ साली सुप्रीम कोर्टानं गायरानं मोकळी करा म्हणून निकाल दिला, त्याच निकालात भूमिहीनांना आणि दलित-आदिवासींना सरकारी निर्णयानं दिलेल्या जागांची गोष्ट अपवादात धरली. ते अपवादाचं वाक्य नोटीस घेऊन येणारा सांगत नाही. ते आपण वाचलं पाहिजे.

६.

आता आजचं.

गावठाणाचा तो कोरा तुकडा आता भरला जातोय. पूर्वी दोन हजारांवर वस्ती असलेल्या गावठाणांची तेवढी नगर भूमापनाची मोजणी व्हायची, लहान गावं राहून जायची. आता ड्रोन आलं. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात आधी करून बघितलं आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्रानं स्वामित्व नावाची योजना जाहीर केली. घराघराला मिळकत पत्रिका, सनद. बँक कर्ज देते म्हणतात.

ड्रोन वरून फोटो घेतं. पण कुणाची कड कुठं ते ड्रोनला कळत नाही. म्हणून उडवण्याआधी घराभोवती चुन्याच्या रेघा मारतात. माझं सगळं म्हणणं त्या चुन्यापाशी येऊन थांबतं. ती रेघ मारताना तुम्ही हजर नसाल, पाळीवर असाल, ऊसतोडीला असाल, तर शेजारचा मारील. आणि जी वस्ती गावठाणाबाहेर धरली गेली तिच्यापर्यंत चुन्याची पाटी येणारच नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी साखळी जिथं थांबली तिथंच आज चुना थांबला, तर पुढची शंभर वर्षं आपण पुन्हा कडेला.

काही मित्र म्हणतील, अरे, तू तर मालकीच्या मागं लागलास. बाबासाहेबांनी १९४७ साली राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात जमीन राष्ट्राची करा, जात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्या, असं मांडलं. आणि तू गुंठ्याच्या सनदेसाठी रांग लावायला सांगतोस?

हा आक्षेप मी टाळत नाही. मलाही तो रात्री छळतो. मालकीचा नकाशा हाच मुळात चोरीचा हिशेब आहे, हे मी मुंबईच्या गोष्टीत सांगितलं. पण मालकी मोडायची तेव्हा मोडेल. तोवर बुलडोझर येतो तेव्हा तो कागद नसलेल्याच्या दारात आधी येतो. माझ्या आबांनी राष्ट्रीयीकरणाची वाट बघत पत्र्याखालीच मरावं, असं म्हणायचा अधिकार मला नाही. बाबासाहेबांनीही १९२८ साली आधी वतनदाराच्या पायातली बेडी तोडायला घेतली, आणि १९४७ साली सगळ्या जमिनीचा प्रश्न मांडला. दोन्ही कामं एकाच माणसानं केली.

म्हणून कामाचं बोलतो. प्रत्येक गावातल्या दोन पोरांनी एवढं करावं.

गावनकाशाची नक्कल काढा. गावठाणाची रेघ बघा आणि तो नकाशा हातात घेऊन राजवाड्यातून चाला. कोणती घरं आत, कोणती बाहेर, लिहून काढा. वतनाच्या जमिनी शोधा. आताचे गट नंबर १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतरचे आहेत, म्हणून आधी एकत्रीकरणाच्या कागदावरून जुना सर्व्हे नंबर धरा, मग जुन्या दप्तरात ती जमीन खालसा होती की इनाम वर्ग ६-ब ते बघा. गाव नमुना १-क मध्ये शर्तीच्या जमिनी असतात, तो मागा. फेरफार एकेक करून मागं मागं जा. ज्या फेरफारानं आपलं नाव गेलं त्यावर कलेक्टरच्या परवानगीचा नंबर आहे का ते बघा. कुणी दाखवत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. खोट्या नोंदी करून दलिताची जमीन बळकावणं हा ॲट्रॉसिटी कायद्यातला गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवा. आणि मिळकत पत्रिका होत असेल तर घरातल्या बाईचं नाव घाला. आपल्या आयांनी भिंती लिंपल्या आणि कागदावर फक्त बाप, हे आपल्याला शोभत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी गेलो होतो. एका कचेरीत तीन वेळा हेलपाटा घातला, तीन पाळ्यांचा रोज बुडाला. चौथ्या वेळी नक्कल मिळाली. घरी येऊन आबांच्या पुढ्यात पसरली. त्यांना वाचता येत नाही. मी गोदावरीची रेघ दाखवली. त्यांनी तिथं बोट ठेवलं आणि मग बोट हळूहळू सरकवत नेलं. हा ओढा. ही जुनी वाट. हितं आंबा व्हता. ही शिव. एकही खूण चुकली नाही. नकाशात जे नव्हतं तेही त्यांनी सांगितलं, मी पेन्सिलीनं भरत गेलो.

मग बोट गावठाणाच्या रेघेशी आलं आणि थांबलं. म्हणाले, "आपलं घर हितं. रेघेच्या ह्या अंगाला."

बाहेरच्या.

मी तिथं पेन्सिलीनं एक चौकोन काढला. त्या चौकोनाला काही किंमत नाही हे मला ठाऊक आहे. वस्तीतली एकतीस घरं मी अशीच काढली, प्रत्येकात राहणाऱ्याचं नाव आणि किती वर्षांपासून ते लिहिलं, घरपट्टीच्या आणि लाइट बिलाच्या नकला जोडल्या आणि गावठाण वाढवून मिळावं म्हणून अर्ज दिला. पोच घेतली. पुढं काय होतं ते याच पानांवर कळवीन. तुमच्या गावचा नकाशा तुम्ही काढलात तर मलाही कळवा.

जय भीम.